होईल की!

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातली गोष्ट. शनिवार, सकाळचे सात वाजून पाच मिनिटं. आयटीवाल्याला शनिवारी सकाळी सातला फोन येतो तेव्हा दोनच शक्यता असतात. एकतर प्रॉडक्शन सर्व्हरने मान टाकलेली असते, नाहीतर गावाकडून कोणीतरी बोलत असतं. सर्व्हर सुखरूप होता. फोन सांगोल्याहून काकांचा होता.

"झोपला हुतास काय रं?"

"नाही काका, बोला ना." (हे आपण सगळेच म्हणतो. उशीत तोंड खुपसून म्हणतो.)

"त्वा रातीला पाठवलेलं वाचलं. भाषा बरी हाय. पर स्टिकरला स्टिकरच म्हण, ते दुसरं काय लिवलंयस ते कुणाला कळायचं न्हाई. आन् आरं, इस मिली एका लिटरला कुणी सांगितलं? बाग जाळायचीय का लोकांची?"

मी ताडकन उठून बसलो. लॅपटॉप उघडला. मूळ इंग्रजी माहितीपत्रकात २० मिली प्रति १० लिटर पाणी असं होतं. माझ्या मराठीत २० मिली प्रति लिटर. म्हणजे पाठीवरच्या पंधरा लिटरच्या पंपात जिथे तीस मिली औषध पडायला हवं, तिथे माझ्या कृपेने तीनशे मिली पडलं असतं. दहापट. आणि ही फाइल मी रात्री एक चाळीसला एजन्सीला 'फायनल' म्हणून पाठवून मोकळा झालो होतो. सोमवारी छपाईला जाणार होती. काकांना ते पान मी तपासायला पाठवलं नव्हतंच. 'सर्फॅक्टंट'ला शेतकरी काय म्हणतात एवढंच विचारायचं होतं.

चूक कशी झाली ते पाच मिनिटांत सापडलं. त्याआधीच्या पत्रकातलं औषध २ मिली प्रति लिटर होतं. घाईत तीच फाइल कॉपी करून मी आकडा बदलला आणि 'प्रति लिटर' तसंच राहिलं. आपल्या धंद्यात याला कॉपी-पेस्ट बग म्हणतात आणि ज्युनियरने केला तर आपण कोड रिव्ह्यूमधे त्याची यथेच्छ चंपी करतो.

एजन्सीच्या बाईंना लगेच फोन केला, दुरुस्त फाइल पाठवली, माफी मागितली. त्या चांगल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर दोन दिवस माझ्या डोक्यातून ती फाइल जाईना. काकांनी व्हॉट्सअ‍ॅप उघडलंच नसतं तर? मग मी जरा शांतपणे बसून विचार केला की हे झालं कसं. आजची पोस्ट त्या विचाराबद्दल आहे.

थोडी पार्श्वभूमी. दिवसा मी पुण्यातल्या एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. रात्री आणि शनिवार-रविवारी मराठी लेखनाची आणि अनुवादाची कामं घेतो. (एचआरकडून लेखी परवानगी घेतलेली आहे. २०२२ मधे मूनलाइटिंगवरून आयटीत जो धुरळा उडाला होता तो पाहिल्यावर मी पहिलं काम ते केलं. तुम्हीही करा. ऑफर लेटरमधलं ते कलम आपण कोणीच वाचलेलं नसतं.) पैशांसाठी करतो हे खरंच, पण त्याहून जास्त म्हणजे मला ते आवडतं. दिवसभर कंसांची जुळवाजुळव केल्यावर रात्री एखादं वाक्य नीट बसलं की बरं वाटतं.

तर त्या सप्टेंबरात माझ्याकडे काय काय होतं याची यादी:

- कीटकनाशकं-बुरशीनाशकांची नऊ माहितीपत्रकं, सुमारे ५४०० शब्द
- एका अ‍ॅपचे मराठी मेनू, सूचना, एरर मेसेजेस वगैरे, ४८०० शब्द
- एका सराफाच्या वेबसाइटसाठी दागिन्यांची ऐंशी वर्णनं, ३२०० शब्द
- एका दिवाळी अंकाचा लेख, ३००० शब्द (हा खरंतर ऑगस्टमधेच द्यायचा होता. संपादक भला माणूस.)
- एका शाळेच्या स्मरणिकेचं संपादन, १६०० शब्द

बेरीज १८,०००. मुदत सगळ्यांची साधारण तीन आठवडे, कारण दसरा-दिवाळी सगळ्यांची एकदमच येते. माझा खरा वेग किती? तेव्हा मला माहीतच नव्हतं. नंतर जुन्या फाइलींच्या तारखा बघून काढला. नोकरी सांभाळून आठवड्याला जेमतेम तीन हजार शब्द. म्हणजे सहा आठवड्यांचं काम मी तीन आठवड्यांत करायला घेतलं होतं. हा भागाकार चौथीतल्या मुलालाही येतो. मला इंजिनियरिंगची डिग्री असून सुचला नाही.

कारण पाचही जणांनी विचारलं तेव्हा माझं उत्तर एकच होतं. "होईल की!"

या दोन शब्दांवर माझा आता राग आहे. नीट बघा, या वाक्यात करणारा कोणी नाही. मी करीन, असं मी म्हणालोच नाही. कधी करीन तेही नाही. काम आपोआप होणार आहे, पाऊस पडावा तसं. समोरच्याला वाटतं शब्द मिळाला आणि आपल्याला वाटतं आपण नुसती सदिच्छा व्यक्त केली. आपली निम्मी प्रोजेक्टं या गैरसमजावर चाललेली असतात. ऑफिसमधे कोणी 'होईल की' म्हणालं तर मी जिरा तिकीट मागतो, एस्टिमेट मागतो. स्वतःच्या बाबतीत मात्र मी ती दोन अक्षरं मेलमधे टाइप करून पुढच्या मेलकडे वळलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, काम जास्त झालं तर जास्त तास बसायचं, त्यात काय एवढं. मीही तेच केलं. आणि इथे मला थर्ड इयरचा ऑपरेटिंग सिस्टिम्सचा पेपर आठवला. गॅल्विनच्या त्या डायनासोरवाल्या पुस्तकातलं थ्रॅशिंग आठवतंय? मेमरी मर्यादित आहे, प्रोसेस फार झाल्या. एकीला जागा द्यायला दुसरीची पानं बाहेर काढायची, मग दुसरीची पाळी आली की पहिलीची काढायची. डिस्क घरघर फिरत राहते, मशीन अत्यंत व्यग्र दिसतं आणि काम शून्य होतं. पीटर डेनिंगने १९६८ साली याची कारणं मांडली. त्यावर उपाय काय, हा पाच मार्कांचा प्रश्न असायचा. उत्तर: प्रोसेसची संख्या कमी करा, एखादी सरळ थांबवून ठेवा. प्रोसेसर वेगवान आणून यात काही फरक पडत नाही, कारण अडलंय ते तिथे नाहीच.

माझ्या डोक्याचं नेमकं तेच झालं होतं. काकांच्या फोनच्या आधीच्या शनिवारी मी नऊ तास बसलो होतो. पाचही कामं उघडी. सराफाचं 'नाजूक नक्षीकामाचा साज' लिहून झालं की एजन्सीचा मेल, तिथून बुरशीनाशकात, बुरशीनाशकातून 'तुमचा पासवर्ड चुकीचा आहे' मधे. प्रत्येक उडीला डोक्यातली जुनी पानं बाहेर, नवी आत. 'साज' आणि 'संहत द्रावण' हे शब्द एका डोक्यात एका वेळी मावत नाहीत. नऊ तासांत अकराशे शब्द झाले. त्यानंतरच्या एका रविवारी, फक्त एक काम उघडं ठेवून, सहा तासांत सतराशे झाले. माणूस तोच, खुर्ची तीच, चहाही तोच. आणि ते वीस मिली त्या पहिल्या पद्धतीचं फळ होतं. शेवटी माझा आळस किंवा अज्ञान नडलं नाही. मला मिली आणि लिटर कळतात. डोक्यात चुकीचं पान राहून गेलं होतं एवढंच.

दुसरी गोष्ट रांगांची. १९०९ हे साल आपल्या ओळखीचं आहे, 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक त्या वर्षी निघाला. त्याच वर्षी तिकडे कोपनहेगनमधे एरलांग नावाचा टेलिफोन कंपनीतला गणिती, फोनच्या लाइनी किती भरल्या की लोकांना किती ताटकळावं लागेल याचं गणित छापून मोकळा झाला. त्यातून पुढे रांगांचं शास्त्र उभं राहिलं. त्यातलं सगळ्यात साधं मॉडेल सांगतो. कामं अनियमित येतात, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त आहे आणि करणारा एकटा आहे. (ओळखीचं वाटतंय ना?) अशा वेळी तो एकटा जीव निम्मा वेळ व्यग्र असेल तर नव्या कामाला सरासरी एका कामाइतका वेळ रांगेत थांबावं लागतं. ऐंशी टक्के व्यग्र असेल तर चार कामांइतका. नव्वद टक्क्यांना नऊ. पंच्याण्णव टक्क्यांना एकोणीस. आणि शंभर टक्क्यांना? उत्तर अनंत येतं.

मला हे आकडे पाठ होते. सर्व्हरचा सीपीयू ऐंशीच्या वर गेला की मला मोबाइलवर अलर्ट येतो, तो अलर्ट मीच लावलाय. सर्व्हरला श्वास घ्यायला वीस टक्के जागा हवी हे मला कळतं आणि स्वतःचा रविवार मात्र मी शंभर टक्के भरून ठेवतो, वर त्याला 'प्रॉडक्टिव्ह वीकेंड' म्हणतो. एखादी ताप-सर्दी, एखादं लग्न, महावितरणची एखादी गुरुवारची बत्ती गुल, एवढ्यावर अख्खी माळ कोसळते, कारण मधे मोकळा मणी एकही नाही.

इथे कोणीतरी हमखास दस्तयेवस्कीचं उदाहरण देतो. मोटिव्हेशनवाल्या मंडळींची ही लाडकी गोष्ट. १८६६ साल. साहेब कर्जात बुडालेले. स्टेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाकडून तीन हजार रूबल घेतलेले, अट अशी की १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी द्यायची. नाही दिली तर पुढची नऊ वर्षं तो प्रकाशक यांचं लेखन यांना एक पैसा न देता छापू शकणार. दुसरीकडे 'क्राइम अँड पनिशमेंट' मासिकातून क्रमशः चालू. ऑक्टोबर उजाडला तरी नव्या कादंबरीची ओळ लिहिलेली नाही. मग लघुलेखन शिकलेली वीस वर्षांची अ‍ॅना आली, याने सांगायचं, तिने उतरवायचं, आणि २६ दिवसांत 'द गॅम्बलर' तयार! प्रकाशक मुद्दाम गावाबाहेर निघून गेला तर यांनी हस्तलिखित पोलीसचौकीत जमा करून पावती घेतली. पुढे अ‍ॅनाशी लग्नही झालं. टाळ्या.

मलाही ही गोष्ट आवडते, पोलीसचौकीची पावती तर फारच. (क्लायंटने 'मेल मिळालीच नाही' म्हटलं की मला ती हटकून आठवते.) पण ती सांगताना आपण आधीचा भाग गाळतो. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याने एका पत्रात लिहिलं होतं की सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन कादंबऱ्या मी एकदमच लिहिणार आहे. तो बेत पूर्ण फसला. जमलं ते केव्हा, तर महिनाभर एकच काम समोर ठेवलं आणि मदतीला माणूस घेतलं तेव्हा. म्हणजे ही गोष्ट 'डेडलाइन असली की माणूस काहीही करतो' याची म्हणून सांगतात, पण मला तर ती प्रोसेस थांबवण्याची वाटते. शिवाय तो दस्तयेवस्की होता. आपण ऐंशी दागिन्यांची वर्णनं लिहितोय.

मदतीचं म्हणाल तर मीही तो प्रयोग केला. वेळ हाताबाहेर जातेय असं दिसल्यावर अ‍ॅपचं अर्धं काम एका मित्राला दिलं. मराठी चांगलं आहे त्याचं. पण मी 'सेटिंग्ज'ला 'सेटिंग्ज' ठेवलं होतं, त्याने 'मांडणी' केलं. मी वापरणाऱ्याला 'तुम्ही' म्हणत होतो, तो 'आपण'. त्याला सगळं समजावण्यात एक संध्याकाळ गेली आणि दोघांचं जुळवण्यात दुसरी. फ्रेड ब्रूक्सने १९७५ सालीच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रोजेक्टमधे माणसं वाढवली की त्याला आणखी उशीर होतो. हे पुस्तक माझ्या टेबलावर आहे. त्यावर चहाचा कप ठेवतो मी.

असो. आता मूळ प्रश्न. हे सगळं ठाऊक असून माणूस 'होईल की' का म्हणतो?

माझ्या एका मैत्रिणीशी यावर बोललो. ती पूर्णवेळ हेच काम करते, दुसरी नोकरी नाही. मी मोठ्या आवेशात तिला रांगांचं गणित सांगितलं, नकार द्यायला शिकलं पाहिजे वगैरे व्याख्यान दिलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझं ठीक आहे रे. तुझा पगार महिनाअखेरीला जमा होतो. मी आज नाही म्हटलं तर तो माणूस पुढच्या वेळी मला विचारेल की नाही हे मला माहीत नसतं. एप्रिल-मेमधे माझ्याकडे महिनाभर काहीच नव्हतं. म्हणून सप्टेंबरात मी सगळं घेते."

मी गप्प. फ्रीलान्सरचा 'हो' हा बऱ्याचदा लोभातून येत नाही, मेमधल्या रिकाम्या इनबॉक्सच्या भीतीतून येतो. हे मला कळायला हवं होतं.

पण ती पुढे जे म्हणाली ते जास्त लागलं. "आणि खरं सांगू? तू साठ पैसे शब्दाने करतोस ना, म्हणून मला दीड रुपया मागता येत नाही. एजन्सी म्हणते, आमच्याकडे साठ पैशांत करणारे आहेत. मग मला तेवढ्याच पैशांसाठी अडीचपट काम घ्यावं लागतं."

मी हा हिशोब कधी मांडलाच नव्हता. मला वाटायचं मी माझ्या रविवारचा मालक, स्वस्तात करीन नाहीतर फुकट करीन. पण माझा पगार माझ्या दराला टेकू देत होता आणि त्या टेकूचं ओझं तिच्या डोक्यावर जात होतं. माझ्याकडे कामाचा ढीग का, तर मी स्वस्त होतो. तिच्याकडे ढीग का, तर मी स्वस्त होतो! दोघंही रात्री दीडला जागे आणि बाजारभाव ठरवणारा पंचवीस-तीस पत्रकांमागे कुठेतरी खुशीत.

तेव्हा माझं मत आता असं झालंय. कामाचा अतिरेक हा वेळेच्या नियोजनाचा प्रश्न म्हणून आपल्याला विकला जातो. अ‍ॅप घ्या, पोमोडोरो लावा, पाचला उठा. पाचला उठून सहा आठवड्यांचं काम तीन आठवड्यांत होत नाही. प्रश्न दाराशी आहे, काम आत येतं तिथे. किती आत घ्यायचं आणि कितीला घ्यायचं, हे दोनच खरे निर्णय. आत आल्यावर उरते ती फक्त हमाली. आणि आपल्यासारख्या पगारदार हौशी लोकांनी तर स्वस्तात 'हो' म्हणायचं आधी बंद केलं पाहिजे. आपल्याला नकार परवडतो. ज्यांना परवडत नाही त्यांच्या वाट्याची ताकद आपण वाया घालवतो.

नुसतं मत देऊन पळ काढत नाही. ऑक्टोबरनंतर मी काय बदललं ते सांगतो, पटेल ते घ्या.

एक. एक साधी एक्सेल शीट. दर आठवड्याला प्रत्यक्षात किती शब्द झाले, एवढाच रकाना. मनातला वेग आणि शीटमधला वेग यात माझ्या बाबतीत जवळजवळ दुपटीचा फरक होता. आता मी आठवड्याला तीन हजारांऐवजी बावीसशे-तेवीसशे शब्दांचंच वचन देतो. उरलेली जागा आजारपण, पाहुणे आणि रिलीज नाइटसाठी.

दोन. एका वेळी दोनच कामं उघडी. तिसरं आलं तर ते बाहेर बाकावर बसतं आणि त्याला तसं सांगितलेलं असतं. जॉन लिटलने १९६१ साली सिद्ध केलेला नियम आहे, हातातली कामं भागिले आठवड्याला संपणारी कामं, म्हणजे एका कामाला सरासरी लागणारे आठवडे. हातात सहा आणि आठवड्याला दोन संपत असतील तर प्रत्येकाला तीन आठवडे. हातात दोनच ठेवली तर एक आठवडा. जादू काही नाही, पण क्लायंटला ती जादूसारखी वाटते.

तीन. 'नाही' मलाही म्हणवत नाही, मराठी मध्यमवर्गीय संस्कार. म्हणून मी तारीख आणि दर सांगतो. "१४ तारखेला सुरू करू शकेन, २६ ला देईन, एवढे पैसे होतील." ज्याला खरंच आपलं काम हवंय तो थांबतो. ज्याला फक्त कोणीतरी हवंय तो स्वतःच जातो आणि नकार त्याच्याकडून येतो. दर मी हळूहळू वाढवतोय, अजून दीड रुपयाला पोचलो नाही. दोन क्लायंट गेले. जे गेले तेच रात्री अकराला "झालं का?" विचारणारे होते, हा निव्वळ योगायोग असावा :-)

चार. उशीर होणार असं दिसलं की त्याच दिवशी कळवायचं, मुदतीच्या दिवशी नाही. शाळेच्या स्मरणिकेच्या बाईंना मी दहा दिवस आधी सांगितलं असतं तर त्यांनी छापखान्याची तारीख पुढे घेतली असती. त्या स्वतः म्हणाल्या. मी शेवटच्या संध्याकाळी सांगितलं. तेव्हा त्यांना काहीच करता आलं नाही, मला शिव्याही देता आल्या नाहीत बिचाऱ्यांना.

पाच. आकडे असलेलं कुठलंही काम रात्री अकरानंतर पाठवायचं नाही. मात्रा, तारखा, रकमा, फोन नंबर. सकाळी उठून मूळ कागद शेजारी ठेवून फक्त आकडे वाचायचे, भाषा बघायची नाही. दहा मिनिटं लागतात.

सहा, पैशांबद्दल. नव्या क्लायंटकडून अर्धे आगाऊ. शिवाय एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी केली असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज लागतं. लगेच कोर्टात जा असं म्हणत नाही. बिलाखाली नम्रपणे एक ओळ लिहायची. थकलेलं बिल हेही आपल्याला नवं काम 'हो' म्हणायला लावतं, म्हणून हा मुद्दा इथे.

पूर्णवेळवाल्या मैत्रिणीचं काय? तिच्याकडे माझ्यासारखा पगार नाही, त्यामुळे माझे सहा मुद्दे तिला जसेच्या तसे लागू नाहीत हे मी मान्य करतो. ती सध्या तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला साठवतेय. तिच्या भाषेत 'नाही म्हणायचा फंड'. मी एवढंच करू शकतो की माझ्या बाकावर तिसरं काम आलं की ते तिच्याकडे पाठवतो, तिच्या दराने. आत्तापर्यंत चार पाठवली. तीन टिकली.

दिवाळीला सांगोल्याला गेलो होतो. काकांबरोबर बागेत चक्कर मारताना विचारलं, झाडांवर एवढी कमी फळं कशी? वर्षभर सगळं ठीक होतं ना?

"विरळणी केली की," काका म्हणाले. "लागत्यात तेवढी समदी ठेवली तर एकबी नीट फुगत न्हाई. आन् वझ्यानं फांदी मोडती ती येगळीच. सत्तर-ऐंशी ठेवायची, बाकीची ल्हान असतानाच काढायची."

"काढताना वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की. पयल्या वर्षी लई वाटलं. म्हणून न्हाई काढली." मग थांबून म्हणाले, "त्या साली येपाऱ्यानं समदा माल दोन नंबरात घातला."

ही पोस्ट लिहायला बसलो तेवढ्यात एका जुन्या क्लायंटचा मेल आला. शंभर पानांचं मॅन्युअल आहे, महिनाअखेरीला हवंय, जमेल ना? बोटं सवयीने कीबोर्डवर गेली, 'होईल' पर्यंत टाइपही झालं. मग खोडलं. शीट उघडली, दोन कामं चालू आहेत, तिसरं बाकावर आहे. त्यांना पुढच्या महिन्याची २२ तारीख आणि दर कळवला. नाही जमलं तर मैत्रिणीचं नाव सुचवेन असंही लिहिलं.

अजून उत्तर नाही. थोडी धाकधूक आहे, खोटं कशाला बोलू. पण उद्या रविवार आहे आणि उद्याच्या पानावर फक्त एकच काम आहे.